जावक झाल्यावर

आवक-जावकच्या टेबलावर मी १९ वर्षं काढली. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, तारखेचा फिरता शिक्का, जांभळ्या शाईचं पॅड आणि डिंकाची बाटली एवढा संसार. पत्र आलं की आवक, गेलं की जावक. त्यातलं जावक मला जास्त आवडायचं. क्रमांक पडला, तारीख पडली, शिपाईमामांनी पाकीट टपालाच्या पिशवीत टाकलं की तो कागद आपल्या डोक्यावरून उतरला. पुढं तो कुणाला मिळाला, कुणाला कळला, हे विचारायची आमच्या टेबलाला रीत नव्हती. कुणाचा फोन आलाच तर "जावक झालंय हो, अमुक क्रमांक, अमुक तारीख" एवढं म्हटलं की समोरचा गप्प बसायचा. काय ताकद होती त्या वाक्यात!

मग एका सोमवारी साहेबांनी बोलावलं. विद्यापीठाची वेबसाइट बघणाऱ्या माणसाचं कंत्राट संपलं होतं आणि नव्याचं काही ठरत नव्हतं. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे. वेबसाइट तुम्हीच बघा." अक्षराचा आणि वेबसाइटचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. आमच्याकडं अशी शंका काढणाऱ्याला आणखी एक काम मिळतं. (कोल्हापुरातलं कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही. पुढं ज्या चुका येणार आहेत त्यातल्या बहुतेक माझ्या आहेत, बाकीच्यांना उगाच कशाला.)

शिकवायला संगणक केंद्रातला एक पोरगा दिला. माझ्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. चारचौघांत मॅडम म्हणायचा, पण मी भलतंच बटण दाबलं की तोंडातून "काकू, थांबा थांबा!" निघायचं. आमची साइट ड्रुपलवर चालते. ड्रुपल म्हणजे सीएमएस, साइटवरची पानं करायची आणि बदलायची व्यवस्था. टिपणीत आम्ही त्याला 'आशय व्यवस्थापन प्रणाली' लिहितो आणि बोलताना कुणीही तसं म्हणत नाही. पहिले दोन दिवस नोड, टॅक्सॉनॉमी, ब्लॉक, व्ह्यू असे शब्द माझ्या डोक्यावरून गेले. पोरगा हुशार होता, आणि हुशार पोरं शिकवताना पळतात. मी मागनं धापा टाकत.

तिसऱ्या दिवशी मला पानाच्या पत्त्यात शेवटी एक आकडा दिसला. म्हटलं, हा कसला?

"ओळीनं पडतोय त्यो. नवीन पान केलं की पुढचा आकडा. पान काढून टाकलं तरी त्यो आकडा परत दुसऱ्या कुणाला मिळत न्हाई."

मी खुर्चीत सरळ बसले. "अरे, मग हा जावक नंबर आहे की!"

तिथनं पुढं सगळं भराभर लागत गेलं. ड्राफ्ट म्हणजे कच्चा मसुदा. पब्लिश म्हणजे सही होऊन बाहेर पडलेला कागद. रिव्हिजन म्हणजे नस्तीतली टिपणीची बाजू, कुणी कधी काय बदललं ते पानोपान. टॅक्सॉनॉमी म्हणजे कपाटातले कप्पे: परीक्षा, प्रवेश, आस्थापना, निविदा. आणि रोल म्हणजे कुणाला सहीचा अधिकार आणि कुणाला फक्त फाइल वर सरकवायचा. मला अर्थातच सरकवायचा होता. पोरगा हसून म्हणाला, "काकू, हे असं मला कॉलेजात कुणी सांगितलं न्हाई." कॉलेजात आवक-जावक नसते बाळा, म्हटलं.

या ड्रुपलची जन्मकथाही त्यानंच सांगितली, आणि ती मला फार आवडली. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या द्रीस बायटार्ट नावाच्या मुलानं २००० साली आपल्या हॉस्टेलातल्या मित्रांसाठी एक छोटी साइट केली. कोण कुठं आहे, आज जेवायला काय, असले निरोप टाकायला. पुढं तिला 'दोर्प' नाव द्यायचं होतं. डच भाषेत दोर्प म्हणजे खेडं. टाइप करताना अक्षरं उलटीपालटी झाली, 'ड्रॉप' उमटलं, आणि त्याला तेच बरं वाटलं. २००१च्या जानेवारीत त्यानं हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं तेव्हा थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून ड्रुपल नाव पडलं. टायपिंगची चूक फळाला आलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. आमच्याकडं अशा चुकीला कारणे दाखवा नोटीस निघते.

खरी झटापट झाली ती मराठीशी.

विभागांकडून सूचना यायच्या त्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या. वर्डमध्ये सुरेख मराठी दिसायची. तीच उचलून ड्रुपलच्या चौकटीत टाकली की इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, महिरपी कंस, जणू कुणीतरी शिव्या हासडल्यात. या फॉन्टांची गंमत अशी की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, वरून त्यांना मराठीचा सदरा घातलेला असतो. सदरा काढला की आतलं दिसतं. युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथं आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. क्रमांक म्हटल्यावर माझा विश्वास बसला. सहा महिने लागले, पण सगळ्या विभागांना युनिकोडवर आणलं, आणि आता मराठीचा प्रश्न मिटला असं वाटून मी एक दिवस रंकाळ्यावर भेळ खाऊन आले.

मग आस्थापना विभागातल्या एक बाई आल्या. म्हणाल्या, साइटवर 'कर्मचाऱ्यांसाठी' असं शोधलं तर निम्म्या सूचना येतच नाहीत. मी माझ्या टेबलावर शोधलं, आल्या की निम्म्या. त्यांच्या खुर्चीत बसून शोधलं, तर दुसऱ्याच निम्म्या! दोन्ही पडद्यांवर शब्द तोच. वेलांटी, अनुस्वार, सगळं बोट ठेवून तपासलं. काही फरक नाही.

गोम होती त्या 'ऱ्या'त. हा आपला अर्धचंद्रासारखा वळलेला र. डोळ्याला एकच दिसतो, पण टाइप करायच्या रीती दोन. कुणी खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतं आणि य जोडतं. कुणी साधाच र घेऊन, पाय मोडून, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतं आणि मग य जोडतं. कागदावर दोघे सख्खे जुळे, यंत्राच्या लेखी मात्र दोन परके शब्द. हिंदीवाल्यांना हा ताप नाही, हा थाट आपलाच. आम्ही ठरवलं, सगळ्यांनी टिंबाचा ऱ वापरायचा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर इंग्रजी 'जे'च्या कळीवर र असतो, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ. मी हे मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक टायपिस्टच्या टेबलावर चिकटवलं. डिंकाची बाटली तेव्हा शेवटची उपयोगी पडली. आणि माझं चांगलं अक्षरही, हे साहेबांना मात्र सांगितलं नाही.

आता ती परीक्षेच्या वेळापत्रकाची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच लिहायला बसले, आणि इतका वेळ टाळत होते.

एका परीक्षेचं वेळापत्रक साइटवर लावलं. दोन दिवसांनी परीक्षा विभागाकडून दुरुस्ती आली, मंगळवारचा एक पेपर बुधवारी. मी पान उघडलं, जुनी पीडीएफ काढली, त्याच नावाची नवी चढवली, सेव्ह केलं. पाच मिनिटांत साहेबांचा फोन. "मॅडम, अजून जुनंच दिसतंय." मला तर नवं दिसत होतं. पोरगा म्हणाला, तुम्ही लॉगिन केलंय म्हणून तुम्हाला ताजं पान मिळतंय. बाहेरच्यांना काही वेळ साठवून ठेवलेलं पान दिसतं, म्हणजे साइटवर ताण येत नाही. त्यानं ती कॅश साफ केली. साहेबांना नवं दिसलं. मी पर्स उचलली आणि घरी गेले. जावक झालं होतं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला वॉचमनमामा एका मुलीला घेऊन आले. "ह्या वेबसाइटच्या बाई. ह्यांस्नी इचार." मुलगी पाटगावच्या बाजूची. पहाटे निघून, गारगोटीला एसटी बदलून, स्टँडवरनं केएमटीची सिटी बस पकडून आलेली. परीक्षेच्या हॉलला कुलूप.

तिनं मोबाइल पुढं केला. काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. दोन बोटांनी मोठं केलेलं आमचं वेळापत्रक. वरती आमचं बोधचिन्ह, खाली आमची सही, मधोमध मंगळवार.

"मॅडम, ह्यात आजच हाय की. मी पाचला उठून आलोय."

(आमच्याकडं मुलीही आलो, गेलो म्हणतात. घरी मीही तसंच बोलते, लिहिताना तेवढी आले-गेले होते.)

मी म्हटलं, हे जुनं आहे, कुणीतरी ग्रुपवर टाकलेलं असेल.

"ग्रुपवरचंच हाय. पर लिंक तुमचीच हाय न्हवं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरोखरच विचारत होती. मी तिच्या फोनवर वरचा पत्ता बघितला. आमचाच. माझ्या संगणकावर टाकला. उघडला! मंगळवार. एवढी सगळी कॅश साफ करून, साहेबांना नवं दाखवून, जुनं वेळापत्रक आपल्या जागी टुमटुमीत बसलेलं.

झालं होतं ते असं. पानाच्या जुन्या रिव्हिजनला ती फाइल जोडलेली होती म्हणून प्रणालीनं ती पुसली नाही, आणि पुसू नये हेच बरोबर. नवी फाइल त्याच नावाची आली, तर एका नावाच्या दोन फायली एका कप्प्यात राहणार कशा? म्हणून तिनं नव्या फाइलच्या नावापुढं एक खालची रेघ आणि एक शून्य लावलं. आमच्या पानावर नवी फाइल जोडली गेली. पण गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत होता तो पानाचा नव्हे, थेट जुन्या फाइलचा पत्ता. ती पोरं आमच्या पानावर येतच नव्हती. एक खालची रेघ आणि एक शून्य, आणि त्यावर पाटगावहून एक मुलगी पहाटेची एसटी धरून आली होती.

नशीब, एक दिवस आधी आली. पेपर मंगळवारवरून सोमवारी गेला असता तर? तो विचार मी अजूनही पुरता करत नाही.

कँटीनमध्ये नेलं. चहा आणि कटवडा घेतला. आज रात्री राजारामपुरीत मैत्रिणीच्या खोलीवर थांबते म्हणाली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी जाऊन परत यायचं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही गेले. मी "सॉरी" म्हटलं, तशी ती अवघडली. कटवड्यातला पाव बाजूला ठेवत म्हणाली, "तुमी जुन्यावर रद्द असं का लिवत न्हाईसा? आमच्या गावात गाडीचं टायमिंग बदललं तर कंडक्टर जुन्या पाटीवर खडूनं फुली मारतोय आणि शेजारी नवीन लिवतोय. पाटी काढत न्हाई. काढली तर लोकांस्नी वाटतंय गाडीच बंद झाली."

तिच्यापुढं मला "जावक झालंय" म्हणता आलं नाही. १९ वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हापासून आम्ही वेळापत्रकाचं एक पानच करतो. ग्रुपवर टाकायचा तो त्या पानाचा पत्ता, आणि तो कधी बदलायचा नाही. वेळापत्रक पानावरच तक्त्यात टाइप करतो, मोबाइलवर बोटांनी ओढाताण न करता वाचता येतं. आधी काय असायचं, तर सही-शिक्क्याचा कागद स्कॅनरवर तिरका ठेवून केलेली चार एमबीची पीडीएफ. डोंगरातल्या नेटवर्कवर ती उतरेपर्यंत पेपर सुटायचा. दुरुस्ती झाली की जुनी तारीख खोडलेली तशीच ठेवतो आणि शेजारी नवी. जुनी फाइल असलीच तर तिच्याच नावानं तिच्याच जागी एक पानभर मोठ्या अक्षरांत 'रद्द' आणि नव्याचा पत्ता. यावर वरिष्ठांशी बरंच झालं. "सही दिसली पाहिजे." "खोडलेलं बरं दिसत नाही." सहीचा कागद खाली जोडून ठेवते, वर मजकूर टाइप करते, असा तह झाला. खोडलेलं मात्र बरं दिसत नाही ते नाहीच दिसत. असू दे.

ग्रंथालयात एक अंध मुलगा एम. ए. करत होता. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर लावून तो वाचतो, म्हणजे ऐकतो. एकदा त्यानं हेडफोनची वायर काढली आणि आमचं पान मला ऐकवलं. "इथे क्लिक करा, लिंक. इथे क्लिक करा, लिंक. इथे क्लिक करा, लिंक." अकरा वेळा. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाला, "कुठं क्लिक करू, मॅडम?" सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ची. दुव्याला अर्थाचं नाव द्या, चित्राचं वर्णन लिहा, सगळं त्यात आहे. मी ती वाचली त्या दिवसानंतर.

ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीची देखभाल ५ जानेवारी २०२५ला कायमची थांबली, त्यामुळं साइट नव्या आवृत्तीवर न्यावी लागली. घर बदलताना माळ्यावरनं काय काय निघतं तसं झालं. 'सूचना (नवीन)', 'सूचना नवीन २', 'सूचना फायनल नवीन'. २०१३ सालच्या एका सूचनेपुढं लाल-पिवळा 'न्यू' अजून लुकलुकत होता. बारा वर्षं लुकलुकतोय बिचारा, कुणी झोप म्हणालं नाही. पोरगा म्हणाला, सगळं उडवू या, नव्या घरात कचरा कशाला.

मी उडवू दिलं नाही. शाहू महाराजांचा निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम २६ जुलै १९०२चा. तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला, म्हणून आज कुणीही तारखेवर बोट ठेवून दाखवू शकतं. आणि आमची मागच्या वर्षीची फीची सूचना? जुन्या माणसानं तिच्यावरच नवी टाइप केली होती, तीनदा. मूळची काय होती ते विचारायला एक पालक आले तेव्हा माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. रिव्हिजनच्या खुणेवर त्यानं टिचकीच मारली नव्हती. तर जुन्या सूचना आता अभिलेख नावाच्या कप्प्यात आहेत, लुकलुकणं बंद करून. आणि जुने पत्ते मेले नाहीत. पाकिटावरचा पत्ता खोडून पोस्टमन जसा नवा लिहितो आणि पत्र पुढं धाडतो, तसं प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप जायची सोय करून घेतली. हे काम कंटाळवाणं होतं. दीड महिना गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण काही बिघडलं नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र. कोल्हापुरात जुलै लागला की लोक नातेवाइकांच्या तब्येतीआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आम्हाला घरच्या फोन नंबरासारखे पाठ. पाणी ४१च्या वर गेलं होतं. साडेदहाला साहेबांचा व्हॉट्सॲप आला: उद्याचे पेपर पुढे ढकलले, खाली सहीच्या पत्राचा फोटो. "मॅडम, हा फोटो टाका लगेच."

मी फोटो खाली जोडला. वर टाइप केलं: उद्याचे सर्व पेपर पुढे ढकलले आहेत. घरातून निघू नका. नवीन तारखा याच पानावर येतील. उद्याची तारीख खोडली. पब्लिशच्या आधी एक रकाना असतो, बदलाचं कारण लिहायचा. कुणी भरत नाही. मीही एरवी एक टिंब टाकून पुढं जायचे. त्या रात्री लिहिलं, "पंचगंगा ४१ फुटांवर. गारगोटीकडची एसटी बंद."

"झालं का? लाईट घालव की आता," आतून हाक आली.

थांबा म्हटलं. लॉगआउट केलं, वायफाय बंद केलं, आणि आपलं पान मोबाइलवर बाहेरच्या माणसासारखं उघडलं. पावसानं नेटवर्क पडलेलं. ते गोल चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग पहिली ओळ आली.